कानामागची जागा

नीला आणि अभय,

तुमचं निळं पत्र गुरुवारी पोचलं. नीला, तू लिहिलं आहेस की शाळेच्या पोहण्याच्या तलावात नाकातोंडात पाणी गेलं, काठावर ओढून घेतल्यावर खोकलासुद्धा येईना, श्वास आत जाईना की बाहेर येईना, आणि मग एकदम कोंबड्यासारखा आवाज होऊन तो सुरू झाला. तिथल्या डॉक्टरांनी तुझ्या आईला एक शब्द सांगितला, तो तू मोठ्या अक्षरांत उतरवलास आणि खाली विचारलंस, "आजी, तू इंग्रजी शिकवायचीस ना, मग याचा अर्थ काय?"

अर्थ सोपा आहे. लॅरिंगोस्पाझम. लॅरिंक्स म्हणजे स्वरयंत्र, स्पाझम म्हणजे पेटका. चालताना पोटरीत गोळा येतो ना, तसा गळ्यातल्या स्वरयंत्राला येतो. एवढं दोन ओळींत लिहून पत्र बंद करता आलं असतं. पण तुमचं पत्र आलं तेव्हा हौसाबाईला जाऊन आठ दिवस झाले होते. हा शब्द कधी कानावर न पडताही त्याच्यावरचा इलाज जाणणारी माझ्या ओळखीची ती एकच बाई. तुमची आई सुधा तान्ही असताना तिला तेल लावून न्हाऊ घालायला हीच यायची. हौसाबाईचं आणि माझं एक भांडण छत्तीस वर्षं चाललं आणि अर्धंच मिटलं. उरलेलं अर्धं मी आज लिहायला बसले आहे. ते तिलाच सांगायचं आहे, म्हणून यापुढे 'तू' म्हणेन ती तिला. तुम्ही दोघं जवळ बसून ऐका.

हौसाबाई, आधी या 'तू'चंच सांगते. तू माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तरी मी तुला 'अगं हौसा' म्हणायची आणि तू मला 'बाई, तुमी'. मी शाळेतली मास्तरीण आणि तू घरोघर तेल लावणारी, म्हणून. तेव्हा ते खटकलं नाही. आज खटकतं. पण आता मी 'अहो हौसाबाई' म्हणायला लागले तर तूच पदर तोंडाला लावून हसशील, तेव्हा राहू दे.

सुधा बारा दिवसांची होती. आम्ही बदली होऊन जामखेडला आलो त्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं, गावात माझं माणूस कुणी नव्हतं. तू सकाळी यायचीस, न्हाणीत पाटावर बसून पाय लांब करायचीस आणि पोरीला नडग्यांवर पालथी घालायचीस. पितळी वाटीतलं कोमट तेल. पाठ, खांदे, टाळू. तुझे हात चालताना बघत राहावंसं वाटायचं, हे मी तुला कधी म्हटलं नाही. शेवटी तू कापसाची वात तेलात बुडवून नाकपुड्यांत थेंब सोडायचीस. "नाक सरळ व्हतं बाई, आन् आवाज गोड व्हतो."

माझ्या कपाटात एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, घरच्या घरी करायच्या औषधोपचारांचं. मी नगरला मॅट्रिक झाले तेव्हा बक्षीस मिळालेलं. बाळाच्या नाकात काही घालू नये, असं त्यात छापलं होतं. मी तुला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तू "व्हय व्हय" म्हणालीस, आणि तिसऱ्या दिवशी मी टॉवेल आणायला वळले तेवढ्यात वात नाकाशी नेलीस.

सुधाचं रडणं मधेच तुटलं. मी वळून पाहिलं तर तोंड उघडं, छाती आत ओढली जातेय, फासळ्या दिसतायत, आणि आवाज नाही. ओठांचा रंग बदलत चालला होता. मी नुसती उभी राहिले. तू तिला कुशीवर केलंस, पदरानं तोंड पुसलंस, दोन्ही हातांत तिचं डोकं धरलंस आणि करंगळ्या तिच्या कानांच्या पाळ्यांमागे रोवून जबडा पुढे उचललास. मला वाटलं तू तिचं डोकं दाबतेयस. मी ओरडले. तेवढ्यात तिच्या गळ्यातून तो आवाज आला, कोंबड्याच्या पिलाचा पहिला आरव असावा तसा, आणि मग ती रडायला लागली.

"उद्यापासून येऊ नकोस," मी म्हणाले.

"बाई, पोरगी रडती हाय न्हवं? मंग?"

"तुझ्यामुळे तिचा श्वास गेला."

"आन् आला कुनामुळं?"

मी सुधाला टॉवेलात गुंडाळून घेतलं. तू वाटी उचललीस आणि गेलीस. तेल अजून कोमट होतं.

दोन वर्षांनी सुधाच्या भावाच्या वेळी मीच निरोप धाडला, कारण गावात दुसरी कुणी बाळाला तसा हात लावत नव्हती. तू आलीस. दारातच विचारलंस, "नाकात न्हाई घालायचं न्हवं? बरं. न्हाई घालत." आणि न्हाणीकडे जाता जाता, "बाकीच्या घरी घालीन हां." पुढे आठवडी बाजारात कुठेही भेटलीस की आधी माझ्या पिशवीत वाकून बघायचीस, मग विचारायचीस, "काय म्हनतंय बाई तुमचं पुस्तक?"

"तेल नको म्हणतंय."

"आन् कानामागचं?"

"ते पुस्तकात नाही."

"मंग कळवा की त्याला. एवढं इंग्रजी येतंय तर."

भाजीवाल्यासुद्धा हसायच्या. मलाही हसू यायचं, पण मी ते घरी येऊन हसायची. खरं सांगू? मी ते पुस्तक त्या दिवसापासून कितीदा उघडलं असेल. गळा, श्वास, आकडी, बाळाचे आजार, सगळी प्रकरणं पाहिली. कानामागची जागा कुठेच नव्हती. आणि जे छापलेलं नाही ते खरं नाही, ही माझी शिस्त. मी मुलींना असंच शिकवत आले होते. तू जे केलंस ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी मी म्हणत राहिले की पोरीचा श्वास आपोआप सुटला असेल.

गेल्या वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि आपल्या तालुक्यात दुष्काळी कामं निघाली. पाझर तलावाच्या कामावर बाया खडी फोडायला यायच्या, त्यांची तान्ही मुलं सांभाळायला कुणीतरी हवं होतं. मी पेन्शनीत निघालेली मास्तरीण, आणि तू सत्तरीची. बाभळीच्या फांद्यांना लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या, एका वेळी आठ-नऊ हलत असायच्या. तू एक दोरी हातात धरायचीस आणि दुसरी पायाच्या अंगठ्याला बांधायचीस. मी कुठलं मूल कुणाचं ते वहीत लिहून ठेवायची. "लिव्हा बाई, न्हाईतर अदलाबदल व्हईल," असं तू म्हणायचीस, आणि मग न बघता प्रत्येकाचं नाव सांगायचीस.

दुपारी सुकडी मिळायची. या मुलांना सुकडी माहीत नाही. भाजलेलं पीठ आणि गूळ यांचा कोरडा भुगा, मूठभर तोंडात टाकला की अर्धा नुसता धुळीसारखा उडतो. त्या दुपारी मी तोंडात घास टाकला आणि समोर बघते तर खडी फोडणारी कौसल्या तिचं सर्दी झालेलं बाळ घेऊन तुझ्यापुढे बसलेली, आणि तू कनवटीची तेलाची बाटली काढलेली. मी आयुष्यात घास तोंडात असताना बोलले नव्हते. मुलींना त्याबद्दल उभं केलं होतं. पण त्या दिवशी बोलले.

"खबरदार हौसा, नाकात तेल—"

आणि गळा मिटला.

नीलाला जे झालं ते मला कसं झालं ते सांगते, कारण तिलाही हेच जाणून घ्यायचं असेल. मला भीती वाटली हे खरं, पण तिच्याआधी आश्चर्य वाटलं. घास अडकला असं वाटलंच नाही. दार लावलं गेलं असं वाटलं. मी छाती ओढत होते आणि हवा ओठांपर्यंत येऊन थांबत होती. खोकायचं म्हटलं तर खोकायलाही आत हवा हवी. ओरडायचं म्हटलं तर आवाज ज्यानं निघतो तेच बंद. भोवती बाया जमल्या. एक म्हणाली वर बघा, एकीनं टाळूवर थापा मारल्या, एक ओरडली, "पानी आना, पानी!" मीसुद्धा हातानं पाण्याचीच खूण केली. कौसल्यानं तांब्या माझ्या तोंडाशी आणला आणि तू तो हातानं उडवलास. दुष्काळातलं पाणी, घागरीसाठी टँकरमागे पळायचे दिवस, आणि तू तांब्याभर पाणी मातीत सांडलंस.

"पानी न्हाई! घशाला कुलूप लागलंय. सरा मागं. बाई, खाली बसा. माज्याकडं बघा."

मग तुझे अंगठे. कानाच्या पाळीच्या बरोबर मागे, जबड्याचं हाड जिथे वर जाऊन संपतं आणि कवटीचं सुरू होतं, तिथे एक खळगा आहे. तिथे तू असे दाबलेस की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मागून जबडा पुढे ढकललास. दुखण्यानं मी तोंड उघडलं. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. मग माझ्याच गळ्यातून तोच आवाज आला, छत्तीस वर्षांपूर्वी न्हाणीत ऐकलेला. फक्त या वेळी पिलाचा नव्हे, चांगल्या जुन्या कोंबड्याचा.

आणि मग कौसल्या, "अगं बया, बाई आरवल्या!"

हसून हसून बाया खाली बसल्या. तूही हसत होतीस, पण माझा खांदा सोडत नव्हतीस. मी बोलायला गेले तर नुसती घरघर निघाली. दोन दिवस माझा आवाज बसलेला होता, आणि तुला जे सांगायचं ते पहिल्याच क्षणी सांगायला हवं होतं, तेव्हा नेमका तो नव्हता. आवाज परत आल्यावर काय झालं, ते पुढे येतंच.

आठवड्यानं कामावर तपासणीला तरुण डॉक्टर आले. मी माझ्या सवयीप्रमाणे प्रश्न लिहून ठेवले होते. त्यांनी बाजेवर बसून, झोळ्यांच्या सावलीत, एकेकाचं उत्तर दिलं. श्वासनळीच्या तोंडाशी दोन पट्ट्या असतात. बोलताना त्या जवळ येऊन थरथरतात, श्वास घेताना लांब होतात आणि गिळताना मिटतात. त्या आवाजासाठी आहेत असं आपल्याला वाटतं, पण त्यांचं मूळ काम राखणदारीचं. भलतं काही शिवलं की खटकन मिटायचं. पाणी असो, पिठाची धूळ असो, तेलाचा थेंब असो, नाहीतर स्वतःचीच थुंकी. कधीकधी राखणदार घाबरतो आणि दार उघडायचं विसरतो, मालक घरात गुदमरला तरी. ऑपरेशनच्या वेळी ईथरची गुंगी अर्धवट असली की हेच होतं. काही लोक पोटभर जेवून लगेच आडवे होतात, पोटातलं आंबट वर येतं आणि गळा मिटतो. अंधाऱ्या खोलीत ठेवलेल्या, ऊन न लागलेल्या बाळांची हाडं मऊ राहतात, कॅल्शियम कमी पडतं, ती रडता रडता अशी अडतात. त्यांना शिरेतून सावकाश कॅल्शियम द्यावं लागतं.

"मग करायचं काय?" मी विचारलं.

"पाणी द्यायचं नाही. धीर द्यायचा. जबडा पुढे घ्यायचा. शुद्धीत असेल तर हावरेपणानं हवा ओढू नका, नाकानं हळूहळू घ्या म्हणायचं. बहुतेक वेळा सुटतो. आमच्याकडे दवाखान्यात ऑक्सिजनची पिशवी असते, अगदीच नाही सुटला तर स्नायू सैल करणारं इंजेक्शन असतं. शेंगदाणा-बिंगदाणा अडकला असेल तर ते निराळं, तिथे वाकवून पाठीत थापा. आणि श्वास आला तरी दिवसभर लक्ष ठेवायचं. तुमचा कसा सुटला?"

मी तुझ्याकडे बोट केलं.

"काय केलंत आजी?"

"हितं या, दावते," तू म्हणालीस, आणि ते नीट बसायच्या आत तुझे अंगठे त्यांच्या कानांमागे होते.

"आई गं!"

"दुखलं न्हवं? मंग जागा बराबर हाय."

डॉक्टर कान चोळत तुझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला गुंगी द्यायला शिकवणारे म्हातारे सर हेच करायचे. कुठल्या पुस्तकात नाही हे. त्यांना त्यांच्या सरांनी दाखवलं होतं. यानं पेटका का सुटतो ते आम्हालाही नक्की माहीत नाही. तुम्हाला कुणी शिकवलं?"

"मी शिंगनापूरची हाय," तू म्हणालीस. "आमच्या गावात घरांना दारंच न्हाईत. बंद दार दिसलं की मला ऱ्हावत न्हाई."

पुढे मी हेच तुला एकटीला विचारलं. एकदा म्हणालीस आजीनं शिकवलं. एकदा म्हणालीस नव्या करडाचा श्वास अडला तेव्हा धनगरिणीला करताना पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणालीस, "तुमच्याच पुस्तकात लिव्हलंय की, नीट बघा." कुठलं खरं होतं, ते आता कळायचं नाही. करडाचं असावं, असं माझं मत.

त्या दिवशी डॉक्टर निघताना मी माझा शेवटचा प्रश्न विचारला, तो यादीत पहिला असूनही मी मागे ठेवला होता. बारा दिवसांच्या मुलीचा श्वास तेलामुळे अडला असेल का? ते म्हणाले, असणारच, नाकात तेल कधीच घालू नये, ते फुप्फुसात उतरलं तर त्याहून वाईट.

मी तुझ्याकडे वळले. माझा आवाज चांगला परत आला होता. "ऐकलंस? तेलानंच."

"ऐकलं," तू म्हणालीस. "आन् दुसरं बी ऐकलं."

"दुसरं काय?"

"तुमी न्हाई ऐकलं व्हय? असू द्या." आणि तू झोळीची दोरी ओढलीस.

मी ऐकलं होतं, की डॉक्टरांचे सरही कानामागेच दाबायचे. चांगलं ऐकलं होतं. कामाच्या रस्त्यानं आपण रोज जात होतो, घरी जाताना पाऊण तासाची वाट, आणि तू माझ्या पुढे दोन पावलं. प्रत्येक दिवशी मी म्हणायची, ओढ्यापाशी सांगू. ओढा कोरडा, तो कधी आला आणि मागे पडला ते कळायचंही नाही. मग तुला ताप आला, आणि चार दिवसांत तू गेलीस.

तुझ्या घरी मी तिसऱ्या दिवशी आले. तुझी सून सरूबाई ओट्यावर बसली होती, शेजारणीचं बाळ तिच्या नडग्यांवर, तुझीच पितळी वाटी बाजूला. मी बघत राहिले. अंग चोळून झालं, टाळू झाली, आणि तिनं वाटी झाकून ठेवली.

"नाकात नाही घातलंस?" मी विचारलं.

"न्हाई बाई. सासूबाईंनी बंद केलं त्ये. त्यो डॉक्टर येऊन गेला न्हवं, त्या दिसापासनं. ज्या ज्या घरी आमी जातो तिथं त्या सोता जाऊन सांगून आल्या, बाईंचं खरं हुतं म्हनून."

"मला नाही बोलली कधी."

"तुमाला कसं बोलतील? तुमी लई चढला असता." सरूबाई हसली आणि मग रडली.

म्हणजे तू तुझं अर्धं पुरं केलंस. दारोदार जाऊन केलंस, सत्तरीच्या पायांनी. फक्त मला सांगितलं नाहीस, आणि मी तर कुणालाच काही सांगितलं नव्हतं. माझ्या लेकीलासुद्धा नाही. सुधाला एवढंच माहीत आहे की एका अडाणी बाईनं तिच्या नाकात तेल घातलं आणि ती मरता मरता वाचली. कशी वाचली, हा भाग मी गाळत आले. तिची लेक तलावाकाठी अडली तेव्हा सुधा जवळ असती तरी तिला काही करता आलं नसतं. तिला जे ठाऊक असायला हवं होतं ते माझ्यापाशी पडून होतं. तुमचं पत्र वाचताना, नीला, मी सारखी याच ओळीपाशी थांबते.

म्हणून हौसाबाई, न्हाणीत तू मला एक प्रश्न विचारला होतास, त्याचं उत्तर देते. श्वास तेलामुळे गेला, हे खरं. आला तो तुझ्यामुळे. सुधाचा तुझ्यामुळे आला, माझाही तुझ्यामुळेच आला. हे मी आता लिहून दिलं आहे. तू म्हणायचीस तसं पुस्तकालाही कळवलं आहे: त्या जाड पुस्तकात, बाळाच्या आजारांच्या प्रकरणाच्या शेवटी जिथे पान कोरं आहे, तिथे मी शाईनं जागेची आकृती काढली आणि खाली तुझं नाव घातलं. काल, तू जिला शिकवलंस त्या सरूबाईकडे जाऊन ते नीट शिकूनही आले. तिनं माझे अंगठे धरून जागेवर ठेवले, मग तिच्या कानांमागे दाबायला लावले. पहिल्या दोन वेळा ती नुसती बघत राहिली. तिसऱ्या वेळी ओरडली.

नीला, अभय, आता एकमेकांसमोर बसा. सुधा, तूही बस. कानाची पाळी बोटानं पुढे करा आणि तिच्या मागे, हाडांच्या मधोमध, अंगठा टेकवा. हलकेच दाबून बघा. दुखलं म्हणजे जागा बरोबर आहे.

हौसाबाईचे अंगठे गेले. जागा आहे तिथेच आहे, दोन्ही कानांमागे, प्रत्येकाच्या.